पन्हाळ्यावरचा पाळणा

मोरोपंत पराडकरांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला, हे मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. पराडकरांच्या घरी तो पाळणा हलत होता त्या सुमारास त्याच गडावर चौपन्न वर्षांची एक स्त्री कैदेत होती, हे मात्र वाङ्मयाच्या इतिहासात सहसा येत नाही. त्या महाराणी ताराबाई. १७१४ साली त्यांची सवत राजसबाई हिने आपला मुलगा संभाजी यास गादीवर बसवले आणि ताराबाई व त्यांचा मुलगा शिवाजी यांना पन्हाळ्यावर अटकेत ठेवले. शिवाजी त्या कैदेतच १७२६ साली वारला. मोरोपंतांच्या जन्माच्या वेळी त्या आईच्या दुःखाला तीनच वर्षे झाली होती.

पण त्याच तीन वर्षांपूर्वी गडावर आणखी एक पाळणा हलला होता, असे ताराबाईंनी पुढे सांगितले. शिवाजीच्या पत्नीला मुलगा झाला. सवतीच्या पक्षाकडून त्याच्या जिवाला धोका, म्हणून त्याला गुपचूप गडाबाहेर काढून लपवून वाढवले, अशी ती हकीकत होती. १७४९ च्या डिसेंबरात छत्रपती शाहू पुत्रसंततीवाचून निवर्तले, तेव्हा हाच मुलगा रामराजा म्हणून साताऱ्याच्या गादीवर आला. वर्षभरात आजी आणि नातवाचे बिनसले. ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले, आणि १७५२ साली जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन, हा आपला नातू नव्हेच, असे जाहीर केले. एकाच स्त्रीने एकाच जन्माची दिलेली ही दोन साक्षीपत्रे. पहिली खरी मानली, तर पन्हाळ्याच्या कैदेत, पहाऱ्यात, भीतीत एक गर्भ राहिला आणि तो पूर्ण दिवसांचा होऊन जन्मला. दुसरी खरी मानली, तर त्या कैदेत काहीच उगवले नाही. ताराबाईंनी शब्द का फिरवला याची राजकीय कारणे इतिहासकारांनी पुष्कळ चर्चिली आहेत. त्यांत आम्ही शिरत नाही. आम्हांला वेगळाच प्रश्न पडतो. भय, कोंडी, उपासमार आणि संतती यांचा शरीराच्या आत काय संबंध असतो, आणि तो कळल्यावर अशा जुन्या हकीकती आपण कशा वाचाव्यात?

हा प्रश्न पन्हाळ्याला विचारणे अस्थानी नाही. हा गड म्हणजे वेढ्यांची मालिका. १६६० साली सिद्दी जौहरचा चार महिन्यांचा वेढा सर्वांना ठाऊक आहे. १७०१ साली खुद्द औरंगजेबाने तो घेतला. १८४४ साली गडकऱ्यांच्या उठावात इंग्रजांच्या तोफांनी त्याची तटबंदी फोडली. आणि या गडाशी जोडलेली कोल्हापूरची गादी म्हणजे दत्तकांची मालिका. राजसबाईंचा मुलगा संभाजी १७६० च्या डिसेंबरात निपुत्रिक वारला आणि थोरल्या शिवाजीमहाराजांचा औरस पुरुषवंश तेथे संपला. पेशव्यांना कोल्हापूरचे राज्य साताऱ्यात मिळवून टाकायचे होते. त्यावर राणी जिजाबाईंनी उत्तर दिले ते सैन्याने नव्हे. दुसरी राणी कुसाबाई गरोदर आहेत, असे त्यांनी कळवले. आता वाट पाहणे आले. मुलगी झाली तर जिजाबाई कुठले तरी मूल आणून मुलगा म्हणून पुढे करतील, असा संशय पेशव्यांच्या पक्षाला होता, आणि म्हणून त्या बाळंतपणावर नजर ठेवण्यात आली. एका राज्याचे भवितव्य एका विधवेच्या गर्भाशयात अडकले होते, आणि ते तपासण्याचे साधन कोणापाशीही नव्हते. मूत्राच्या परीक्षेवरून गर्भ ओळखण्याची पहिली भरवशाची पद्धत बर्लिनमध्ये १९२० च्या दशकाच्या अखेरीस निघाली, तीही उंदरांवर प्रयोग करून. तोवर गर्भधारणेचा एकच पुरावा होता: काळ. दरम्यान १७६१ च्या जानेवारीत पानिपत झाले आणि पुण्याला दुसरीच चिंता लागली. गादीला हवा असलेला मुलगा त्या बाळंतपणातून मिळाला नाही. १७६२ साली खानवटच्या भोसल्यांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव शिवाजी ठेवले गेले.

त्या महिन्यांत कुसाबाईंना काय वाटत होते, याविषयी कागद मुका आहे. नवरा नुकताच गेलेला, सवत आपल्या पोटाच्या आधारावर राजकारण खेळते आहे, दाराशी पहारा आहे, आणि मुलगी झाली तर आपण सर्वांच्या अपराधी. कागदाला त्यातले 'मुलगा की मुलगी' एवढेच हवे असते. अपत्याचे लिंग पित्याच्या बीजाने ठरते हे गुणसूत्रांच्या अभ्यासातून १९०५ च्या सुमारास सिद्ध झाले. म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर कुसाबाईंच्या हाती कधी नव्हतेच.

येथे भाषेकडे क्षणभर पाहावे. 'निपुत्रिक' हा शब्द आम्ही वर सहज वापरला. इतिहासाच्या पुस्तकांतही तो सहज येतो. त्यात मुलींची गणतीच नाही. ज्याला चार कन्या आहेत तोही निपुत्रिक. शिवाय तो पुरुषाला लागतो तेव्हा केवळ अभाव सांगतो, दोष सांगत नाही. स्त्रीसाठी मात्र 'वांझ' आहे, त्याहून बोचरा 'वांझोटी' आहे, आणि ते शब्द शेताला, झाडाला, म्हशीला लावावेत तसे लावले जातात. एका राजाच्या अनेक राण्या निःसंतान राहिल्या तर संशयाची सुई कोणाकडे वळायला हवी, हे साधे गणित आहे. तरीही व्रते, नवस, उपास आणि शाप यांचे सगळे वाङ्मय स्त्रीभोवती फिरते.

आता शरीराकडे वळू. साहित्याच्या वाचकाने कंटाळू नये. ही गोष्ट रचनेच्या दृष्टीनेही सुंदर आहे. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे, हायपोथॅलॅमस. भूक, तहान, झोप, देहाची ऊब यांचा हिशेब तो ठेवतो. त्याच्या खाली बारीक देठाला लोंबणारी वाटाण्याएवढी पोषग्रंथी, म्हणजे पिट्युटरी. या दोहोंमध्ये रक्तवाहिन्यांचे एक इवलेसे जाळे आहे, आणि मेंदू त्या वाटेने ग्रंथीला रासायनिक निरोप धाडतो. हे निरोप म्हणजेच संप्रेरके. (१९०५ साली इंग्लंडात घडवलेल्या 'हॉर्मोन' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक धातूचा अर्थ 'चाळवणे, गती देणे' असा आहे, मराठीत 'संप्रेरक' करणाऱ्याने तो अचूक पकडला. परिभाषेच्या सर्वच शब्दांविषयी असे म्हणता येत नाही. असो.)

याच हायपोथॅलॅमसमधून दोन निराळे हुकूम निघतात. पहिला संकटाचा. मेंदूतील अमिग्डला नावाचा भाग धोका ओळखतो आणि हायपोथॅलॅमसला चेतवतो. तेथून सीआरएच हे संप्रेरक पोषग्रंथीला पोहोचते, पोषग्रंथीचा निरोप रक्तातून मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना जातो, आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. साखर रक्तात उतरते, स्नायू सज्ज होतात, जे काम उद्यावर ढकलता येईल ते ढकलले जाते. कॉर्टिसॉल पुरेसे झाले की तेच मेंदूकडे परत जाऊन, हिप्पोकॅम्पस आणि हायपोथॅलॅमस यांच्यामार्फत, हा हुकूम थांबवते. निदान थांबवायला हवे. संकट महिनोन्‌महिने सरले नाही तर हा लगाम सैल पडतो.

दुसरा हुकूम प्रजननाचा. त्याचे संप्रेरक जीएनआरएच. ते तयार करणाऱ्या पेशी इतक्या मोठ्या मेंदूत काही हजारांच्या पलीकडे नाहीत, आणि गंमत अशी की गर्भावस्थेत त्या मेंदूत जन्मतच नाहीत. नाकाच्या भागात उगम पावून तेथून मेंदूत स्थलांतर करतात. हे संप्रेरक सलग पाझरत नाही. ते ठोक्या-ठोक्याने येते, साधारण तासा-दीड तासाला एक. पिट्सबर्गच्या अर्न्स्ट नोबिल यांनी १९७० च्या दशकात माकडांवर दाखवून दिले की तेच द्रव्य अखंड दिले तर पोषग्रंथी गप्प बसते, आणि तासागणिक ठोक्याने दिले तर पुन्हा जागी होते. निरोपाचा अर्थ त्याच्या लयीत आहे. लय मोडली की बीजकोशाचे चक्र थांबते. पुरुषाच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉन उतरते.

आणि ही लय मोडणारा पहिला हुकूमच असतो. सीआरएच, कॉर्टिसॉल आणि संकटकाळी मेंदूत स्रवणारी अफूसदृश द्रव्ये ही सगळी जीएनआरएचच्या ठोक्याला संथ करतात. या दोहोंमधला दुवा म्हणून २००३ पासून किसपेप्टिन नावाच्या एका प्रथिनाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. (त्याचे जनुक अमेरिकेतील ज्या गावी सापडले ते गाव 'किसेस' नावाच्या चॉकलेटसाठी प्रसिद्ध, म्हणून हे नाव, शास्त्रज्ञही कधीकधी आपल्यासारखेच कोटीबाज असतात.) शरीरात चरबीचा साठा किती आहे ही बातमीही लेप्टिन या संप्रेरकाद्वारे याच वाटेने पोहोचते. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तीन धान्यकोठारे आहेत. वेढा पडल्यावर किल्लेदाराने प्रथम कोठारात डोकावावे, मग कोणते खर्च थांबवायचे ते ठरवावे, तसे हे आहे. नऊ महिन्यांचे गर्भारपण आणि पुढचे अंगावरचे दूध हा शरीराच्या खर्चातला सर्वांत मोठा खर्च आहे.

हे ज्ञान फार जुने नाही. १९३६ साली माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये यांनी 'नेचर'मध्ये एक अगदी लहान टिपण प्रसिद्ध केले. थंडी, जखम, अतिश्रम, विष, काहीही असो, उंदरांची शरीरे एकाच ठराविक रीतीने प्रतिसाद देतात, असे त्यांनी म्हटले. अधिवृक्क ग्रंथी वाढतात, आणि जननग्रंथी आक्रसतात हेही तेथेच नोंदले आहे. आज आपण ज्याला 'ताण' म्हणतो त्याची शास्त्रीय कुळी येथून सुरू होते. मराठीत ताण दोराला असे, धनुष्याच्या प्रत्यंचेला असे, मागावरच्या सुताला असे. मनाला तो विसाव्या शतकात लागला. पुढे मेंदूच पोषग्रंथीचा धनी आहे हे ब्रिटनमध्ये जेफ्री हॅरिस यांनी मांडले, गियमँ आणि शॅली यांच्या परस्परस्पर्धी चमूंनी मेंढ्यांचे आणि डुकरांचे लाखो मेंदू दळून १९७१ पर्यंत जीएनआरएचची रचना उलगडली, त्यांना १९७७ चे नोबेल मिळाले, आणि सीआरएच १९८१ साली हाती आले.

इतिहासकारांपैकी या ज्ञानाचा उपयोग प्रथम ठळकपणे केला तो फ्रान्सच्या एमान्युएल ल रॉय लादुरी यांनी. १९६९ साली 'अनाल'मध्ये त्यांचा दुष्काळातील ऋतुलोपावरचा निबंध आला. सतराव्या शतकातील फ्रेंच खेड्यांच्या चर्चमधील नोंदवह्यांत एक आकृती पुन्हा पुन्हा दिसते: धान्य महागले की दफने वाढतात आणि काही महिन्यांनी बाप्तिस्मे घटतात. पूर्वी याचा अर्थ, विवाह लांबले, दांपत्ये दुरावली, एवढाच लावला जाई. लादुरींनी दोन महायुद्धांतील डॉक्टरांची निरीक्षणे शेजारी ठेवली. १९४१ ते १९४४ च्या वेढ्यातील लेनिनग्राडमध्ये असंख्य स्त्रियांची पाळी थांबली होती आणि १९४२ च्या उत्तरार्धात जन्म अगदी तुरळक झाले होते. छळछावण्यांतही हेच, आणि तेथे कित्येकींची पाळी उपासमार अंगी लागण्याच्या आधीच, आल्या आल्या थांबल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे भुकेबरोबर भयाचाही यात वाटा होता.

आपल्याकडचे दुष्काळ या दृष्टीने अरूप महारत्न यांनी अभ्यासले. १८७६ ते १८७८ चा, १८९६-९७ चा, १८९९-१९०० चा असे जे दुष्काळ मुंबई इलाख्याने सोसले, त्यांतल्या जन्ममृत्यूंच्या सरकारी नोंदी पाहिल्या की गर्भधारणा मृत्यूंच्या लाटेआधीच ओसरू लागलेल्या दिसतात. लोक मरू लागण्यापूर्वी पाळणे थांबतात. नवरा खडी फोडायला दूरच्या कामावर, बायको माहेरी किंवा अन्नछत्रात, पोटात अन्न नाही, मनात धीर नाही. यांतले कोणते कारण किती, हे आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. आमचे दुष्काळी वाङ्मय मृत्यूंविषयी, स्थलांतराविषयी, जनावरांविषयी बोलते. या न जन्मलेल्यांविषयी ते जवळजवळ गप्प आहे.

येथवर आल्यावर मोह होतो तो असा, की कोल्हापूरच्या गादीची सगळी निःसंतानता वेढे, कैद आणि भाऊबंदकी यांच्या माथी मारावी. हा मोह आवरला पाहिजे, आणि तो आवरायला याच घराण्याचा इतिहास पुरेसा आहे. राजाराममहाराज १६८९ साली पन्हाळ्यावरून जिंजीला निसटले. पुढे त्यांच्या राण्या तेथे पोहोचल्या, तेव्हा झुल्फिकारखानाचा वेढा जिंजीभोवती होताच. त्याच वेढ्याच्या काळात १६९६ साली ताराबाईंना शिवाजी झाला. राजसबाईंचा संभाजी १६९८ चा, म्हणजे जिंजी पडण्यापूर्वीच त्याचा गर्भ राहिलेला. सततच्या भयाखाली, परमुलखात, दोन्ही सवतींना मुलगे झाले. उलट साताऱ्याच्या स्वस्थ गादीवर चार दशके बसलेल्या शाहूंना वारस मुलगा राहिला नाही. हजारो स्त्रियांच्या नोंदींत जी आकृती स्पष्ट दिसते, ती एका स्त्रीच्या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही. वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्येही मुले जन्मलीच. राजवाड्यात कोठारही निराळे असते, हेही विसरू नये. राणीला वेढा जाणवतो तो शिबंदीतल्या शिपायाच्या बायकोला जाणवतो तसा नव्हे. त्या बायकोची पाळी चुकली की नाही, हे मात्र कोणत्याही दफ्तरात नाही.

हा सावधपणा केवळ पद्धतीचा नाही. शापाची जागा कॉर्टिसॉलने घेतली तर स्त्रीच्या वाट्याचा अपराध तसाच राहतो, फक्त त्याला इंग्रजी नाव मिळते. 'टेन्शन घेऊ नकोस, आपोआप राहील,' हे वाक्य आज महाराष्ट्रातल्या कोणत्या घरात ऐकू येत नाही? त्यात शास्त्राचा अंश आहेच; पण बोलणारी सासू वा नणंद ते ज्या सुरात म्हणते, त्यात 'तुझ्याच मनात काहीतरी आहे' हा आरोप जुनाच आहे. ताणामुळे मूल होत नाही हे काही वेळा खरे. मूल होत नाही म्हणून ताण आहे हे त्याहून कितीतरी अधिक वेळा खरे. आणि हा ताण कोणी निर्माण केला हा प्रश्न त्या वाक्यात मोठ्या चतुराईने गाळलेला असतो.

प्राचीनांनी हे अधिक न्यायाने मांडले होते, असे म्हणावेसे वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निरनिराळ्या बाबतींतील श्रेष्ठ गोष्टींची एक लांबलचक यादी आहे. गर्भधारणेला उपकारक गोष्टींत मनाच्या प्रसन्नतेला तेथे अग्रस्थान दिले आहे. ते आयुर्वेदाचे अभ्यासक नेहमी सांगतात. पण त्याच यादीत पुरुषाची प्रजननशक्ती खालावणाऱ्या गोष्टींत मनाच्या खिन्नतेला अग्रस्थान आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. चरकाला दोन्ही मने दिसली होती.

आणि महाभारतकारांनाही. गांधारीच्या गर्भाला दोन वर्षे होऊनही प्रसूती होत नाही. कुंतीला तेजस्वी पुत्र झाल्याची वार्ता येते, आणि गांधारी धृतराष्ट्राच्या नकळत स्वतःच्या पोटावर आघात करते. बाहेर पडतो तो लोखंडासारखा कठीण मांसाचा गोळा. या प्रसंगाकडे दुर्योधनाच्या अशुभ जन्माची प्रस्तावना म्हणूनच पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. दोन सवतींऐवजी दोन जावा, गादीचा वारस आधी कोणाला होतो याची चढाओढ, आणि ती चढाओढ एका स्त्रीने स्वतःच्याच शरीरावर केलेल्या आघातात परिणत होणे. आदिपर्वातील ही कथा राजवाड्यातील गर्भारपणाविषयी पुष्कळ बखरींहून अधिक बोलते.

ती कथा ज्यांनी संपूर्ण महाभारताबरोबर मराठी आर्यांत आणली ते मोरोपंत तरुणपणापर्यंत पन्हाळ्यावरच होते. केशव आणि गणेश पाध्ये यांच्यापाशी त्यांचे अध्ययन तेथेच झाले, बारामती नंतरची. रामराजा साताऱ्याच्या गादीवर बसला तेव्हा ते वीस-एकवीस वर्षांचे होते, आणि तो मुलगा याच गडावर जन्मला की नाही याची चर्चा गडावर झाली नसेल असे होणे नाही. 'आदिपर्व' शिकवताना गांधारीपाशी पोहोचल्यावर आम्ही या दोन पाळण्यांचा उल्लेख करू लागलो, तेव्हा वर्गात पहिला प्रश्न कुसाबाईंविषयी आला: पुढे त्यांचे काय झाले? जिजाबाईंनी दत्तक मुलाच्या नावाने पुढे वर्षानुवर्षे कारभार केला. त्यांची पत्रे आहेत, त्यांच्याविषयीच्या दंतकथा आहेत. कुसाबाईंचे नाव त्या एका गर्भारपणापुरते येते.